जीन्सचा रंग का उडतो? आणि चांगली जीन्स ओळखायची कशी?

फर्ग्युसन रस्ता असो, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट असो की लक्ष्मी रस्त्यावरचं शोरूम, पुण्यात कपडे घेताना एक प्रश्न हमखास येतो: रंग जाणार नाही ना? शर्टासाठी प्रश्न बरोबर आहे. जीन्सच्या बाबतीत मात्र रंग हळूहळू जाणं हाच तिचा गुण मानला जातो.

मुंबईच्या डोंगरीशी नातं

मुंबईच्या डोंगरी भागात एक जाडंभरडं, स्वस्त सुती कापड विकलं जायचं. त्याचं नाव 'डुंगरी'. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत गेला आणि पुढे कामगारांच्या निळ्या कपड्यांना 'डंगरीज' म्हणू लागले. डुंगरीची वीण डेनिमपेक्षा साधी होती, पण काम तेच होतं: राबणाऱ्या माणसाच्या अंगावर टिकणं.

आजची जीन्सही तशीच जन्मली. अमेरिकेत मजुरांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात फाटायचे. शिंपी जेकब डेव्हिसने तिथे धातूची रिव्हेट ठोकली आणि २० मे १८७३ रोजी त्याला व कापड व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्या कंपनीला त्याचं पेटंट मिळालं. फॅशन खूप नंतर आली.

रंग का उडतो?

डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे धागे पांढरे असतात. म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून फिकट दिसते. निळ्या रंगासाठी वापरली जाणारी नीळ पाण्यात विरघळत नाही. रसायनं घालून ती विरघळवतात, धागा त्यात बुडवतात आणि हवेत धरतात. हवा लागली की धागा निळा होतो. असं अनेकदा केलं तरी नीळ धाग्याच्या बाहेरच्या थरातच राहते, गाभा पांढराच असतो.

मग जिथे घासलं जातं तिथे पांढरं दिसू लागतं: मांडीवरच्या चुण्या, गुडघे, मोबाइल ठेवायचा खिसा. त्यामुळे एकाच गठ्ठ्यातल्या दोन जीन्स वर्षभराने वेगळ्या दिसतात. डेनिमप्रेमींना याचंच वेड असतं.

तयार 'फेड'ची किंमत

हाच परिणाम कारखान्यात काही मिनिटांत आणला जातो. त्यासाठी वाळूचा जोरदार फवारा मारायची पद्धत होती. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य आजार झाला, काहींचा जीव गेला. तुर्कस्तानने २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. आता लेझर आणि ओझोनचा वापर वाढला आहे. पाण्याचा प्रश्नही आहेच. उल्हासनगरमध्ये जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर वालधुनी नदीच्या प्रदूषणामुळे कारवाई झाली होती.

घेताना काय पाहाल?

- जीन्स उलटी करा. शिलाई सरळ, घट्ट आणि सुटे धागे नसलेली हवी. ताण येतो त्या जागी दुहेरी शिलाई असावी.
- लेबल वाचा. कापूस जितका जास्त, तितका फेड चांगला येतो. स्ट्रेच जीन्स आरामदायक असते, पण कालांतराने सैल पडू शकते.
- वजन विचारा. ते एका चौरस यार्डाला किती औंस असं मोजतात. १२ ते १४ औंस मध्यम समजतात. पुण्याच्या उन्हाळ्यात त्याहून हलकं बरं.
- 'सेल्व्हेज'ला भुलू नका. याचा अर्थ जुन्या पद्धतीच्या अरुंद मागावर विणलेलं, पक्क्या किनारीचं कापड. हे कापड बहुधा महाग असतं, पण नुसती किनार म्हणजे दर्जाची हमी नव्हे.
- लांबी लगेच कापू नका. आधी न आटवलेलं कापड धुतल्यावर १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं. एकदा धुवा, मग अल्टर करा.

धुताना

जीन्स उलटी करून, थंड पाण्यात, वेगळी धुवा आणि सावलीत वाळवा. गडद नवी जीन्स पांढऱ्या बुटांना आणि फिकट सोफ्याला रंग लावते. मांड्यांजवळ कापड विरळ दिसू लागलं की भोक पडायची वाट न पाहता रफू करून घ्या. त्याच जागी जीन्स सर्वात आधी फाटते.