संकेतस्थळ-निर्मिती सॉफ्टवेअर (मोफत)

संकेतस्थळ-निर्मिती सॉफ्टवेअर : एचटीएमएल, सीएसएस इ. भाषांत स्वतः संकेतावली न लिहिता वेबपाने तयार करणे, त्यांची मांडणी करणे व ती प्रसिद्ध करणे यांसाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर. नवशिक्यांना उपयोगी पडणाऱ्या मोफत साधनांचे चार गट पडतात : संगणकावर चालणारे पानसंपादक, ऑनलाइन बांधणी-सेवा, आशय व्यवस्थापन प्रणाली (सीएमएस) आणि स्थिर पाने तयार करणारी साधने. यांपैकी काहीही घेतले, तरी जागेचे भाडे, देखभाल आणि मजकुरावरील ताबा हे प्रश्न उरतातच. कोणते साधन त्यांपैकी काय स्वतःकडे घेते आणि काय वापरणाऱ्यावर सोडते, हे पाहून निवड करावी लागते.

इतिहास : टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पाने वाचण्याबरोबरच ती लिहिण्याचीही सोय होती. पुढे लोकप्रिय झालेल्या बहुतेक ब्राउझरांतून ती गळाली आणि पाने लिहिण्यासाठी वेगळी साधने आली. त्यांत फ्रंटपेज व ड्रीमवीव्हर विकत घ्यावे लागत, तर नेटस्केप कंपोझर मोफत मिळे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने सर्वसामान्यांना पाने ठेवण्यासाठी फुकट जागा दिली. १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या कंपनीने ब्लॉगर ही सेवा आणली. ती २००३ मध्ये गूगलने घेतली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू या आधीच्या सॉफ्टवेअरच्या पायावर वर्डप्रेस प्रसिद्ध केले. द्रुपल (२००१) व जूमला (२००५) ही याच जातीची अन्य साधने होत. विक्स ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली, तर गूगल साइट्स २००८ मध्ये आले.

पानसंपादक : सीमंकी या मोफत ब्राउझर-संचातील कंपोझर हे या गटाचे उदाहरण. वर्ड प्रोसेसरमध्ये लिहावे तसे पान लिहिता येते व त्याची एचटीएमएल फाइल संगणकावर साठते. दोन-चार पानांच्या स्थळाला हे पुरते. मात्र प्रत्येक पानावरची मेनूपट्टी हाताने बदलावी लागत असल्याने पाने वाढली की चुका होऊ लागतात. तयार फाइली सर्व्हरवर चढवण्याचे कामही वेगळे करावे लागते.

ऑनलाइन बांधणी-सेवा : ब्लॉगर, गूगल साइट्स आणि विक्स यांत खाते उघडले की ब्राउझरमध्येच काम सुरू होते. जागा, सुरक्षा आणि अद्ययावतीकरण सेवा देणारी कंपनी सांभाळते. गूगल साइट्समध्ये मजकूर, चित्रे, नकाशा, फॉर्म असे घटक ओढून पानावर ठेवता येतात. मांडणीचे पर्याय मोजके असल्याने नवशिक्याचे पान सहसा विस्कटत नाही. ब्लॉगर तारखेनुसार येणाऱ्या लेखनासाठी सोयीचे आहे. या दोहोंना स्वतःचे डोमेन जोडता येते. विक्समध्ये मांडणीचे स्वातंत्र्य बरेच जास्त आहे, पण मोफत योजनेत पत्ता कंपनीच्या नावाखालचा राहतो आणि पानांवर तिची जाहिरात दिसते.

आशय व्यवस्थापन प्रणाली : या गटात वर्डप्रेसचा वापर सर्वाधिक असून जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. ते पीएचपी भाषेत लिहिलेले आहे आणि जीपीएल परवान्याखाली मिळते. म्हणजे ते वापरण्यास, बदलण्यास व वाटण्यास कोणालाही मुभा आहे. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, बाह्यरूप थीम ठरवते आणि जादा सोयी प्लगइनने जोडल्या जातात. त्यामुळे मजकुराला हात न लावता रूप बदलता येते. डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून परिच्छेद, चित्र, तक्ता यांचे स्वतंत्र ठोकळे रचून पान तयार होते.

वर्डप्रेस या नावाने दोन गोष्टी ओळखल्या जातात आणि नवशिक्यांचा घोळ बहुधा येथेच होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारे सॉफ्टवेअर स्वतः घेतलेल्या होस्टिंगवर बसवावे लागते. वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची सेवा आहे. तिची मोफत योजना वर वर्णिलेल्या बांधणी-सेवांसारखी असून तिच्यात जाहिराती येतात. पहिल्या प्रकारात ताबा पूर्ण राहतो, पण देखभालही अंगावर येते. वेळच्या वेळी अद्ययावत न केलेली प्लगइन हा अशा स्थळांत घुसखोरी होण्याचा नेहमीचा मार्ग आहे. द्रुपल अधिक गुंतागुंतीच्या, अनेक सभासदांच्या स्थळांना पेलते. मायबोली व मिसळपाव ही मराठी स्थळे त्यावर उभी आहेत. एकट्या नवशिक्याला मात्र ते जड जाते.

स्थिर पाने तयार करणारी साधने : जेकिल (२००८) व ह्यूगो (२०१३) साध्या मजकूर-फाइलींपासून संपूर्ण स्थळाची एचटीएमएल पाने एकदम तयार करतात. डेटाबेस नसल्याने स्थळ वेगाने उघडते आणि घुसखोरीला फारसा वाव राहत नाही. गिटहब पेजेस या सेवेवर अशी पाने फुकट ठेवता येतात. ही दोन्ही साधने आज्ञा टंकून चालवावी लागतात. ते नको असल्यास नेहमीच्या खिडक्या-बटणांनी चालणारे पब्ली हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे.

खर्च आणि ताबा : सॉफ्टवेअर फुकट असले, तरी स्वतःच्या डोमेनचे वार्षिक शुल्क वेगळे असते आणि स्वतः बसवलेल्या वर्डप्रेसला होस्टिंगही सहसा विकत घ्यावे लागते. सेवा बंद पडल्यास मजकुराचे काय होईल, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारणे आवश्यक ठरते. याहूने २००९ मध्ये अमेरिकेतील जिओसिटीज बंद केले, तेव्हा असंख्य वैयक्तिक पाने मूळ जागेवरून नाहीशी झाली. स्वयंसेवकांनी व इंटरनेट आर्काइव्हने त्यांतील काही भाग जतन केला. वर्डप्रेस व ब्लॉगर यांतून सर्व लेख एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि ब्लॉगरचे लेख वर्डप्रेसमध्ये आणता येतात. विक्सवर बांधलेले स्थळ मात्र तसेच्या तसे उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. डोमेन स्वतःच्या नावावर असेल, तर साधन बदलूनही पत्ता तोच ठेवता येतो.

मराठी मजकूर : ही सर्व साधने युनिकोड स्वीकारतात; मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टांत टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. थीम निवडताना तिच्या नमुन्यातील इंग्रजी मजकुरावर विसंबू नये. इंग्रजी शीर्षके सुटसुटीत दिसावीत म्हणून काही थीम अक्षरांमध्ये अंतर सोडतात. देवनागरीत त्याच अंतरामुळे शिरोरेषा तुटते. म्हणून ‘ज्ञानेश्वर’, ‘दुसऱ्या’, ‘वैशिष्ट्य’ असे शब्द शीर्षकात व मजकुरात टंकून पाहणे इष्ट. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्ता व बालू, तसेच नोटो सान्स देवनागरी हे फॉण्ट मोफत मिळतात. स्थळाची भाषा मराठी म्हणून नोंदवल्यास पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मदत होते.

पानाच्या पत्त्याकडेही लक्ष द्यावे लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात त्याची नऊ चिन्हे होतात. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने सुमारे बावीस देवनागरी चिन्हांनंतर शीर्षक कापले जाते. मराठी शीर्षक दिल्यास ब्लॉगर आपोआप पत्ता बनवताना ते वगळून सर्वसाधारण ‘ब्लॉग-पोस्ट’ असे नाव देते. दोन्हीकडे लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी रोमन लिपीत छोटा पत्ता लिहून ही अडचण टाळता येते.

निवड : गृहनिर्माण संस्था, शाळा किंवा ग्रंथालय यांची माहिती देणाऱ्या चार-पाच पानांसाठी गूगल साइट्स पुरेसे ठरते. नियमित लेखनाला ब्लॉगर योग्य. लेखन वाढेल, विषयवार विभागणी किंवा विक्री करावी लागेल असे दिसत असल्यास स्वतः बसवलेले वर्डप्रेस. क्वचितच बदलणाऱ्या आणि दीर्घकाळ टिकवायच्या मजकुरासाठी पब्लीसारखे साधन कमी देखभालीचे पडते. निर्णय पक्का करण्यापूर्वी वर्डप्रेस हे एक्सॅम्प या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या मदतीने स्वतःच्या संगणकावर बसवून वापरून पाहता येते. कोणत्याही साधनात आधी खरा मजकूर असलेली दोन-तीन पाने बांधावीत, ती मोबाइलवर पाहावीत आणि मजकूर बाहेर उतरवून घेण्याची सोय चालते की नाही हे तपासावे. उरलेला मजकूर त्यानंतरच चढवावा.