युनेम : यंत्राला नाव विचारणाऱ्या आज्ञेची कुळकथा

संगणकाने ओळीने पाळावयाच्या आज्ञा ज्या फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या असतात तिला स्क्रिप्ट म्हणतात, आणि एकच स्क्रिप्ट निरनिराळ्या कार्यप्रणालींवर चालवावयाची असेल, तर आपण कोणत्या प्रणालीवर आहोत हे तिने आधी विचारून घेणे भाग पडते. हा प्रश्न विचारणारी ‘युनेम’ ही आज्ञा अमेरिकेतील बेल लॅब्जच्या ‘प्रोग्रामर्स वर्कबेंच’ या युनिक्सच्या शाखेत १९७७ च्या सुमारास प्रथम आढळते. तिचे उत्तर ज्या रचनेत साठवले जाते तिचे नाव ‘यूटीएसनेम’. त्यातील पहिली तीन अक्षरे ‘युनिक्स टाइमशेअरिंग सिस्टिम’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत. म्हणजे प्रश्न युनिक्सने युनिक्सलाच विचारावयाचा होता; पुढे परक्या प्रणालीही त्याला उत्तर देतील, हे या नावात कोठेही गृहीत धरलेले नाही.

१९८० च्या दशकात युनिक्सचे घराणे फुटले आणि प्रश्नाला खरे वजन आले. चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या ‘पीएस’ला बर्कली विद्यापीठाच्या शाखेत ‘एयूएक्स’ ही अक्षरे जोडीत, तर एटीअँडटीच्या सिस्टिम फाइव्हमध्ये ‘ईएफ’. पोझिक्स या मानकाने १९८८ मध्ये प्रणाली, यंत्राचे जाळ्यातील नाव, प्रकाशन, आवृत्ती आणि हार्डवेअर अशी पाच उत्तरे निश्चित केली. तरीही बर्कलीच्या मूळ प्रकाशनांत ही आज्ञा ४.४ बीएसडीपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत, आली नव्हती.

मिळणारे नाव मात्र वापरणाऱ्याच्या ओळखीचे असेलच असे नाही. मॅकओएस स्वतःला ‘डार्विन’ म्हणवते, कारण ते त्याच्या पायाभूत प्रणालीचे नाव आहे, आणि सोलारिस आजही ‘सनओएस’ असेच उत्तर देते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे पाठ असावे लागते, कारण मजकूर जागच्या जागी बदलणाऱ्या ‘सेड’ आज्ञेच्या ‘आय’ या पर्यायाला मॅकओएसवर राखीव प्रतीचा प्रत्यय, रिकामा का होईना, स्वतंत्रपणे द्यावाच लागतो, आणि लिनक्सवरील ग्नू सेडला तसा रिकामा प्रत्यय दिला तर ती त्यालाच आज्ञेचा भाग समजून चुकते.

नावावरून गुण ठरवण्याचा धोका २०११ मध्ये उघड झाला. लिनक्सने २.६ वरून थेट ३.० हा क्रमांक घेतला, आणि २.६ हेच आरंभाचे अंक गृहीत धरणारे काही प्रोग्रॅम अडखळले. त्यांच्यासाठी लिनक्सच्या गाभ्याने (कर्नलने) ३.१ पासून ‘युनेम२६’ नावाची सोय केली, जिच्यामुळे ३.१ ऐवजी २.६.४१ असा क्रमांक सांगितला जातो. गाभ्याने जुन्या प्रोग्रॅमसाठी स्वतःविषयी खोटे बोलावे, ही या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना म्हटली पाहिजे.

डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाची दिशा वेगळी आहे. ते प्रणालीचे नाव विचारण्याऐवजी छोटासा प्रोग्रॅम संकलित करून हवी ती सुविधा आहे की नाही हे पाहते, आणि ही पद्धत निःसंशय अधिक प्रामाणिक आहे. परंतु त्याच्या सोबतच्या ‘कॉन्फिग.गेस’ या स्क्रिप्टला यंत्राची जात ठरवावयाची असते, तेव्हा ती आरंभी युनेमलाच विचारते.