वाळवंटीकाठची गिऱ्हाइकी : पेठेपासून संकेतस्थळापर्यंत

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील कारापूर हे गाव वाळवंटी नदीच्या काठी साखळी शहराला लागून वसले असून, त्यातील विठ्ठलापूर हा भाग राणे घराण्याच्या विठ्ठल मंदिरामुळे आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री नदीत सोडल्या जाणाऱ्या सजवलेल्या नौकांमुळे सर्वत्र परिचित आहे. अशा गावातील सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार किंवा अलीकडचा वीजजोडणी करणारा कारागीर यांचा चरितार्थ केवळ गावातील घरांवर कधीच चालला नाही. घाटमार्ग, आठवड्याचा बाजार, जत्रा आणि नंतरच्या काळात खाणी यांनी त्यांच्याकडे गिऱ्हाईक आणून सोडले. त्यामुळे आज एखादा कारागीर संकेतस्थळ उभारून दूरच्या ग्राहकाला आपल्याकडे वळवू पाहतो, तेव्हा तो ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत असतो तो प्रश्न या परिसराला नवा नाही. नवे आहे ते इतकेच, की पूर्वी हे उत्तर गाव आणि पेठ मिळून देत असत आणि आता ते कारागिराला स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे लागते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डिचोली आणि पेडणे हे मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. 1780 च्या दशकात ते पोर्तुगीजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणजे नव्याने जिंकलेला प्रदेश या नावाने ओळखले जाऊ लागले. राजवट बदलली तरी सह्याद्रीतून उतरणाऱ्या वाटा त्याच राहिल्या. या वाटांनी बैलांचे तांडे किनाऱ्याचे मीठ आणि नारळ घाटावर नेत व परतताना धान्य आणत. तांड्याचा मुक्काम पडे तेथे खोगिरे, दोर, नाल आणि मडकी यांना मागणी निर्माण होई, म्हणून वाटेवरच्या कारागिराला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नसे. ही स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पालटली. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मिठाचे उत्पादन आणि विक्री ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली आणली, तर पुढच्या दहा वर्षांत मुरगाव बंदराहून घाटावर गेलेल्या लोहमार्गाने माल दक्षिणेकडे वळवला. ज्यांचा धंदा वाटेवर उभा होता त्यांना वाट ओस पडण्याचा अर्थ तेव्हा प्रथमच कळला.

वाटेवरचे गिऱ्हाईक असे चंचल असले, तरी गावातील गिऱ्हाईक वंशपरंपरेने ठरलेले असे. कोकण आणि गोवा या भागांत अमुक घरांचे काम अमुक कारागिराकडे ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चाले. या व्यवस्थेचे सर्वांत ठळक रूप आजही गणेशचतुर्थीच्या आधी मूर्तिकाराच्या चित्रशाळेत पाहावयास मिळते. चित्रशाळा म्हणजे मातीच्या मूर्ती घडवण्याची जागा. चतुर्थीच्या बरेच दिवस आधी प्रत्येक कुटुंब आपला लाकडी पाट तेथे नेऊन देते, मूर्तिकार त्याच पाटावर त्या घराच्या रिवाजाप्रमाणे ठरलेल्या उंचीची आणि ठरलेल्या ठेवणीची मूर्ती घडवतो आणि चतुर्थीला ती घरी येते. भिंतीशी ओळीने रचून ठेवलेले हे पाट म्हणजेच त्या कारागिराची मागणीपुस्तिका असते, कारण पाटावर खडूने किंवा रंगाने लिहिलेले घराण्याचे नाव वाचले की कोणाची मूर्ती, केवढी आणि कशी, हे सारे त्याला उमगते. येथे जाहिरातीची गरज भासत नाही. पाट दुसऱ्या चित्रशाळेत गेला तर मात्र त्याची चर्चा वाडाभर होते, आणि याच चर्चेचा धाक कामाची प्रत राखतो.

गावाबाहेरच्या ग्राहकासाठी आठवड्याचे बाजार होते आणि ते एका चक्रात बांधलेले होते. सोमवारी साखळी, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे आणि शुक्रवारी म्हापसा असा हा फेरा असून, विक्रेता त्यात आपली जागा सहसा बदलत नसे, कारण गेल्या आठवड्यात ज्याच्याकडून कोयता घेतला तो या आठवड्यात त्याच झाडाखाली सापडेल, ही खात्री हेच त्याचे खरे भांडवल होते. पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, मिरची, कांदा, मीठ यांची बेगमी करण्याच्या गोव्यातील प्रथेला ‘पुरुमेंत’ म्हणतात. या दिवसांत बाजार फुलत आणि मातीची भांडी, सुपे, टोपल्या यांचा खप वाढे. वैशाखात शिरगावच्या लईराई देवीची जत्रा आणि कोजागिरीला भरणारी पेडण्याची पुनव यांसारख्या प्रसंगी तर दूरच्या गावांतून माणसे येत. बेसन आणि गूळ यांपासून केलेल्या खाज्यांच्या दुकानांशेजारी घरगुती वस्तूंची दुकाने थाटली जात आणि देवदर्शनास आलेला भाविक जाताना ग्राहक होऊन जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाच्या निर्यातीने या भागाचे अर्थकारण बदलले. डिचोली आणि साखळीच्या आसपासच्या खाणींतून निघालेला माल ट्रकांनी नदीच्या धक्क्यांपर्यंत आणि तेथून बार्जमधून मुरगावकडे जाऊ लागला, तेव्हा रस्त्याच्या कडेला गॅरेज, टायर दुरुस्ती, वेल्डिंग आणि खानावळी यांची रांग उभी राहिली. पोर्तुगीज राजवटीतून गोव्याची मुक्ती झाल्यानंतर 24 मार्च 1962 रोजी ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक सुरू झाले आणि छापील जाहिरातीची सोय झाली. तरीही ट्रकांच्या रांगेतून आपोआप गिऱ्हाईक मिळत असलेल्या गॅरेजवाल्याला रंगवलेल्या पाटीपलीकडे काही करण्याची निकड नव्हती. सप्टेंबर 2012 मध्ये खाणकाम थांबले, पुढे काही काळ सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. घाटवाट ओस पडण्याची जी आपत्ती एकोणिसाव्या शतकात आली होती, तिचीच ही पुनरावृत्ती होती. ज्यांचे सारे काम एकाच रस्त्यावर आणि एकाच मागणीवर अवलंबून होते, त्यांना हातात कसब असूनही रिकामे बसावे लागले.

याच काळात ग्राहक शोधण्याचे नवे साधन हाताशी आले होते. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, 2005 मध्ये गूगलचे नकाशे आले, 2014 मध्ये व्यवसायाची माहिती त्या नकाशावर विनामूल्य नोंदवण्याची ‘गूगल माय बिझनेस’ ही सोय झाली आणि 2018 मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सअॅपची स्वतंत्र आवृत्ती निघाली. जवळपासचा सुतार किंवा नळदुरुस्ती करणारा कोणी शोधू लागले, की शोधयंत्र म्हणजे माहिती हुडकून देणारी गूगलसारखी प्रणाली मुख्यतः तीन गोष्टी तपासते : विचारलेल्या कामाशी व्यवसायाची जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाचा लौकिक. या तीन कसोट्या पूर्वीच्या पेठेतही होत्या. जुळणी चित्रशाळेतील पाट सांगत असे, अंतर बाजाराच्या वाराने मिटवले जाई आणि लौकिक वाड्यावरच्या चर्चेतून ठरे. फरक असा, की यंत्राला वाड्यावरची चर्चा ऐकू येत नाही. जे लिहिले, छायाचित्रात दाखवले किंवा ग्राहकाने अभिप्राय म्हणून नोंदवले, तेवढेच त्याला कळते. चाळीस वर्षांचे नावाजलेले काम नोंदीअभावी त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

गोव्यात या नोंदीला आणखी एक अडचण आहे. पोर्तुगीज काळातील रोमी लेखनामुळे साखळी ‘सांकेलिम’, डिचोली ‘बिचोलिम’ आणि पेडणे ‘पेर्नेम’ अशा रूपांत सरकारी कागदांवर आणि नकाशांवर रूढ झाले, तर स्थानिक माणूस मराठी-कोकणीत वेगळे नाव उच्चारतो आणि कधी तेच रोमी लिपीत आपल्या परीने लिहितो. ज्या संकेतस्थळावर यांपैकी एकच रूप आढळते, ते दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटण्याचा धोका असतो. म्हणून गावाचे नाव प्रचलित रूपांसह देणे, व्यवसायाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी सर्व ठिकाणी एकसारखा ठेवणे, आणि ‘सर्व प्रकारची कामे’ असे मोघम न लिहिता जुन्या सागवानी दाराची दुरुस्ती, कौलारू छपराचे वासे बदलणे, पंप बसवणे अशा कामांना स्वतंत्र पाने देणे, हे या परिसरातील कारागिराला अधिक लाभदायक ठरते. स्वतःच्या हातच्या कामाची छायाचित्रे आणि जुन्या गिऱ्हाइकांनी आपल्या भाषेत लिहिलेले खरे अभिप्राय यांचे वजन उसन्या सजावटीपेक्षा कितीतरी जास्त असते.

या प्रयत्नाला आता भौगोलिक अनुकूलताही लाभली आहे. जानेवारी 2023 पासून पेडण्यातील मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. हरमल, मांद्रे आणि मोरजी या किनारी गावांत अतिथिगृहे व भाड्याची घरे आहेत आणि तेथे बाहेरून येऊन राहणाऱ्या माणसाला कोणत्या वाड्यावर कोणता कारागीर चांगला, हे सांगणारा शेजारी नसतो. त्याच्यासाठी शोधयंत्र हाच शेजारी होय. कारापूरचा सुतार त्याला तेथे सापडला नाही, तर काम शहरातील मध्यस्थाकडे जाते आणि मोबदल्याचा मोठा वाटा वाटेतच गळतो. ही हानी एका माणसापुरती राहत नाही. मुलगा बापाचे हत्यार खाली ठेवतो आणि पिढ्यांचे कसब गावातून उठते.

म्हणूनच संकेतस्थळाकडे केवळ जाहिरातीची हौस म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. घाटवाट आणि खाण या दोन्ही वेळी या परिसराने एकाच मार्गाने येणाऱ्या गिऱ्हाइकीची किंमत मोजली आहे, आणि त्यावरचा उपाय अनेक दिशांनी ओळख निर्माण करण्यातच आहे. ज्याला स्वतः हे लेखन जमत नाही अशा वयस्क कारागिरासाठी ग्रामपंचायत, गावातील वाचनालय आणि परिसरातील महाविद्यालयाचे विद्यार्थी यांनी मिळून गावच्या कारागिरांची मराठी, कोकणी आणि इंग्रजीत नोंद तयार करणे शक्य आहे व ते अगत्याचे आहे. पूर्वी कारागिराच्या लौकिकाची जपणूक गाव सामूहिकपणे करीत असे; ती जबाबदारी नव्या साधनाने स्वीकारणे हे आजच्या गावाचे कर्तव्य आहे.