बीडीडी चाळ : तुरुंग आधी की घरं आधी?

वरळीच्या बीडीडी चाळी इंग्रजांनी तुरुंग म्हणून बांधल्या, ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना ओळीने खोल्या, जाड काँक्रीटच्या भिंती... इमारत बघून पटतंही. पण खरा क्रम उलटा आहे, आणि माझ्या मते जास्त मजेशीर.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरणी कामगारांना राहायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइडने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं (बीडीडी ते हेच). बेत होता ५०,००० खोल्यांचा. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला. बॅकबेची भरणीही याच खात्याकडे. त्या कामातला घोळ वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला तो किस्सा वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

शेवटी उभ्या राहिल्या २०७ इमारती : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीत १२. तळमजला अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, संडास सामायिक. खोली साधारण १६० चौरस फूट. आपल्या ऑफिसातली आठ जणांची मीटिंग रूम डोळ्यासमोर आणा. त्यात अख्खं बिऱ्हाड!

आणि गंमत म्हणजे घरटंचाईच्या शहरात या खोल्या सुरुवातीला भरेनात. भाडं कामगाराला जड, वरळी तेव्हा आडबाजूला. मग १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रही इतके झाले की नेहमीचे तुरुंग पुरेनात, तेव्हा सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. म्हणजे घरं आधी, तुरुंग नंतर.

पुढे मात्र चाळी गच्च भरल्या. कोकणातल्या, घाटावरच्या गावांच्या मंडळांनी खोल्या घेतल्या. पाळीनुसार एक जण कामावर, दुसरा त्याच जागेवर झोपलेला. दलित वस्तीही मोठी. ५ जानेवारी १९७४ ला इथल्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा झाली. मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला होता. सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. ‘चाळ संस्कृती’ म्हणून आपण जे गोड गोड लिहितो त्यात हे सहसा नसतं. एका नळावर पाणी भरणारी माणसं जातीवरून एकमेकांवर दगड टाकतात, हाही त्याच चाळीचा इतिहास.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी राहिल्या. पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षं चालली. २०१७ मध्ये म्हाडातर्फे भूमिपूजन झालं, आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या. कुणाला ‘चाळीचा आत्मा हरवला’ वगैरे वाटत असेल, तर त्याने पहाटे सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहून ते म्हणावं :-) मला काळजी आहे ती टॉवरच्या लिफ्ट-पंपाच्या खर्चाची. नाममात्र भाड्याची सवय असलेल्या घरातल्या पेन्शनरला तो महिन्याच्या महिन्याला झेपणार का?

शिवडीच्या १२ इमारती मात्र पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर. म्हणून २०१७ च्या त्या योजनेत त्या आल्याच नाहीत.