परगावी न्यायची बॅग

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण ज्या गावांना जमीनच नाही, त्यांचा इतिहासही आता वीस वर्षांहून जुना झाला आहे.

२००३ साली अमेरिकेतल्या लिंडन लॅब कंपनीने 'सेकंड लाइफ' हे संगणकावरचे जग खुले केले. तिथे माणसाने एक रूप, म्हणजे 'अवतार' घ्यायचा. घर, कपडे, सामान जमवायचे. सारे एकाच मालकाच्या सर्व्हरवर, म्हणजे एकाच वाड्यात. २००७ मध्ये 'ओपनसिम्युलेटर' हे मोफत सॉफ्टवेअर आले आणि ज्याला त्याला स्वतःचा वाडा बांधता येऊ लागला. मग प्रश्न आला, या वाड्यातून त्या वाड्यात जायचे कसे?

जुलै २००८ मध्ये आयबीएम आणि लिंडन लॅब यांनी एका जगातला अवतार दुसऱ्यात पाठवून दाखवला. पाहुणा पोचला, सामान मात्र मागेच राहिले. त्याच सुमारास अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापिका क्रिस्टा लोपेस यांनी 'हायपरग्रिड' रचले. त्यात परका सर्व्हर पाहुण्याच्या घरच्या सर्व्हरला विचारतो, "हा तुमचाच ना?" ओळख पटली की दार उघडते.

पण सुरुवातीच्या पद्धतीत पाहुण्याच्या घरच्या कपाटाची किल्लीही यजमानाच्या हाती पडे. यजमान लबाड निघाला तर? 'विश्वास पानिपतात गेला' असे आपण थट्टेने म्हणतो. म्हणून कोणी गावाला जायचे थांबत नाही. पुढे यावर तोडगा निघाला तो 'सूटकेस'चा. प्रवासात यजमानाला तेवढी बॅग उघडता येते, कपाट बंदच राहते.

तरी एक फट उरलीच. सदरा दिसायचा तर त्याचा नमुना यजमानाकडे जाणारच, आणि गेलेल्याची नक्कल होऊ शकते. २००६ मध्ये 'कॉपीबॉट' नावाच्या प्रोग्रॅमने अशा नकला करता येऊ लागल्या, तेव्हा सेकंड लाइफमधल्या कित्येक दुकानदारांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली होती.

मला यातून एवढेच दिसते, की विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. कोणावर, किती आणि कशापुरता, हे आधी ठरले की जाणे-येणे निर्धास्त होते. नातवंडांचे फोटो, घरचे पत्ते आपणही रोज कुठल्यातरी सर्व्हरच्या हवाली करतो. तिथे आपण बॅग देतो की कपाटाची किल्ली? तुम्हीच पाहा.