पासपोर्ट कोणाच्या खिशात?

आपल्याकडे एक वाक्य मोठ्या ऐटीत बोलले जाते : आपला माणूस घरकोंबडा, गोरा माणूस हिंडणारा. परदेशातून सहल करून आलेले पाहुणे हे वाक्य हमखास ऐकवतात. ते फ्रिजवर लावायला आयफेल टॉवर घेऊन आलेले असतात आणि सोबत हे ज्ञानही. आम्ही म्हणतो, आधी आकडे बघू, आणि मग हे दार कोणी, कोणासाठी आणि कधी बंद केले त्याचा इतिहास बघू. आवडीनिवडीचा प्रश्न त्यानंतर.

कोरोनापूर्वीचे 2019 साल घ्या. ब्रिटनची लोकसंख्या पावणेसात कोटींच्या आत, आणि तिथल्या रहिवाशांच्या परदेशवाऱ्या त्या एका वर्षात सुमारे 9 कोटी 30 लाख. म्हणजे माणशी एकीहून जास्त. अमेरिकेची लोकसंख्या 33 कोटींच्या आसपास आणि वाऱ्या जवळजवळ 10 कोटी, म्हणजे तीन माणसांमागे एक. भारतातून त्या वर्षी बाहेर गेलेल्यांचा आकडा सुमारे 2 कोटी 69 लाख, म्हणजे पन्नास माणसांमागे एक. हीसुद्धा सरासरी झाली. तोच व्यापारी वर्षात आठ वेळा दुबईला गेला तर तो आठ वेळा मोजला जातो. शिवाय आपल्या या आकड्यात मजेने फिरणारे किती आणि आखातात गवंडीकाम, सुतारकाम, ड्रायव्हरकी करायला गेलेले किती, हे विचारा. भारतीय सर्वाधिक कुठे जातात, तर संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबिया. तिथे सगळेच काही बुर्ज खलिफा बघायला जात नाहीत.

ब्रिटिश कामगार उन्हाळ्यात स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन पडतो, ते काही त्याच्या रक्तात नव्हते. शंभर वर्षांपूर्वी त्याचा आजा गावाजवळच्या समुद्रापर्यंत जाऊन आला तरी मोठी गोष्ट होती. कामगार संघटना वर्षानुवर्षे भांडल्या, 1938 साली पगारी सुट्टीचा कायदा झाला, आणि महायुद्धानंतर स्वस्त विमानसहली आल्या. तेव्हा कुठे तो निघाला. अमेरिकेची गोष्ट आणखी मजेशीर आहे. कॅनडा-मेक्सिकोला जायला तिथल्या लोकांना पूर्वी पासपोर्ट लागतच नसे. नियम बदलले, पासपोर्ट सक्तीचा झाला आणि पासपोर्टधारकांचा आकडा झपाट्याने चढला. आज जवळपास निम्म्या अमेरिकनांकडे पासपोर्ट आहे. पूर्व जर्मनीत 1964 पासून म्हाताऱ्या पेन्शनरांना पश्चिमेकडे नातेवाईकांना भेटायला जाऊ देत आणि काम करणाऱ्या तरुणांना सहसा अडवत. म्हातारा तिकडेच राहिला तर सरकारची पेन्शन वाचणार होती. तेव्हा माणूस किती फिरतो हे त्याच्या स्वभावावर कमी आणि सुट्टी, पैसा आणि दारावरचा पहारेकरी यांवर जास्त ठरते.

आता आपल्या दाराकडे वळू. आपल्याकडे पहिला पहारेकरी सरकार नव्हते, धर्मशास्त्र होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणाला बोलावू नये याची जी यादी आहे, तिच्यात समुद्रप्रवास करणारा आहे. ही गोष्ट पोथीतच राहिली असे कोणी समजू नये. 1888 साली गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले, तेव्हा मुंबईत मोढ वाण्यांची जातपंचायत बसली. त्यांना जातीबाहेर टाकले आणि बंदरावर निरोप द्यायला जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला. परत आल्यावर त्यांच्या थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले, तेव्हा जातीतल्या एका गटाने पदरात घेतले.

पण त्याआधी अर्धे शतक, 1834 पासून, याच देशातून माणसांनी भरलेली जहाजे मॉरिशसला जात होती. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, उसाच्या मळ्यांना हात हवे होते, आणि कराराच्या कागदावर अंगठा घेऊन माणसे नेली गेली. एकट्या मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात. या गिरमिटियांत सगळ्या जातींचे लोक होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुष्काळ आणि कर्ज जात विचारून येत नाही. मात्र त्यांच्यासाठी कोणती जातपंचायत बसली? कोणत्या शास्त्र्याने बंदरावर आडवे पडून जहाज थांबवले? शुद्धाशुद्धतेचा वाद झडला तो विलायतेला शिकायला निघालेल्यांसाठी. मळ्यावर मरायला निघालेल्यांसाठी समुद्र मोकळाच होता.

1947 नंतर तरी चित्र बदलायला हवे होते. पण स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षे या देशात पासपोर्ट कोणाला द्यायचा याचा कायदाच नव्हता. सगळा कारभार अधिकाऱ्याच्या मर्जीवर. 1962 पर्यंत राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये जायला ब्रिटनच्या कायद्याची आडकाठी नव्हती. अडवले ते आपल्याच सरकारने. ब्रिटनला गोऱ्यांखेरीजचे मजूर नको होते आणि दिल्लीतल्या साहेबांना अडाणी, गरीब हिंदी माणूस लंडनच्या रस्त्यावर दिसणे कमीपणाचे वाटत होते. दोघांचे छान जमले. शिक्षण नाही, इंग्रजी नाही, गाठीला पैसा नाही, अशांना पासपोर्ट देताना हात आखडता घेतला जाई. आता शिक्षण कोणाकडे नव्हते, इंग्रजी कोणाला येत नव्हती आणि गाठीला पैसा कोणाच्या नव्हता, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अर्जावर जातीचा रकाना असायची गरजच नव्हती. तरीही जालंधरच्या दोआबातले चर्मकार बांधव खटपट करून गेले, इंग्लंडच्या भट्ट्यांत राबले, आणि त्यांनीच तिथे बाबासाहेबांचे नाव रुजवले.

मर्जीचा हा कारभार मोडला 1967 च्या एप्रिलमध्ये. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की परदेशी जाणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. 1978 च्या मनेका गांधी खटल्याने तो हक्क आणखी पक्का केला. एक व्यापारी आणि एका बड्या घराण्याची सून, पण त्यांच्या भांडणातून निघालेला हक्क सगळ्यांचा झाला, कारण तो बाबासाहेबांच्या घटनेतून निघाला होता.

हक्क मिळाला, पण कागदावर शिक्का राहिला. 1983 च्या स्थलांतर कायद्याखाली दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शेरा येतो. आखातासह अठरा देशांत नोकरीला जायचे तर आधी सरकारी परवानगी घ्यायची. दहावी नापास, पण आयकर भरत असाल तर हा शेरा लागत नाही. काहीजण म्हणतील, हे अडाणी मजुराच्या संरक्षणासाठी आहे. आखातात मालक पासपोर्ट काढून घेतो, पगार बुडवतो, हे खरेच आहे. पण मग बेडी एजंटाला घाला, कंपनीला घाला, कामगाराच्या ओळखपत्राला का? 2018 च्या जानेवारीत तर सरकारने ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचे जाहीर केले. विमानतळावर दुरूनच कळावे, हा कोणत्या वर्गाचा माणूस! रंगावरून माणूस ओळखायची खोड या देशाला जुनी आहे. केरळपासून ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो निर्णय गुंडाळला गेला.

आपल्या वस्त्यांतून दरवर्षी बुद्धस्थळांच्या यात्रेच्या बसेस निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून सोनौलीच्या नाक्यावरून लुंबिनीला जातात. नेपाळला जायला भारतीयाला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. आमच्यापैकी कितीतरी घरांतला पहिला परदेशप्रवास हाच. धुणीभांडी करून भिशीत पैसे साठवलेल्या आयाबाया अशोकस्तंभापुढे त्रिसरण म्हणून परत येतात, आणि पासपोर्टच्या कोणत्याही आकडेवारीत त्या नसतात. बाबासाहेबही धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर 1956 मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी नेपाळलाच गेले होते.

बाबासाहेबांचा पहिला परदेशप्रवास 1913 चा, बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. मे 1916 मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, विषय होता भारतातील जातिसंस्था. आज अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. वर्षाला सव्वाशे जागा, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी. 2022 साली या योजनेत एक नवी अट घातली गेली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतीय समाज हा संशोधनाचा विषय असेल तर ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे 1916 चा तो निबंध लिहिणारा विद्यार्थी आज या योजनेत अर्ज घेऊन गेला, तर खिडकीवरूनच परत येईल.