मंद गतीचे श्रवण

मंद गतीचे श्रवण : संथ लयीतले संगीत, विशेषतः पियानो कॉन्चेर्तोचा मधला भाग, बारकाईने ऐकण्याची रीत. एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली ही रचना अभिजात काळात बहुधा जलद, संथ, जलद अशी तीन भागांची असे. त्यामुळे संथ भाग म्हणजे दोन जलद भागांमधला विसावा, असा समज रूढ झाला. तो टिकत नाही. लय उतरली म्हणून घडामोड थांबत नाही. ती सुरावटीतून एकेका स्वराच्या आत शिरते. मोझार्टच्या १७८६ मधील ए मेजर कॉन्चेर्तोचा (के. ४८८) एफ शार्प मायनरमधला अदाज्यो, म्हणजे संथ भाग, पाहावा. त्याची सुरुवात वाद्यवृंदाविना, एकट्या पियानोने होते. पियानोचा स्वर हातोडी पडताच विरू लागतो; त्याला मींड नाही, श्वास नाही. म्हणून विरणारा स्वर आणि पुढचा आघात यांमधले अंतर हाच येथे ऐकण्याचा विषय ठरतो. शेवटाकडे पियानो मोजकेच स्वर लांबलांब उड्या घेत वाजवतो. त्या मोकळ्या जागा वादकाने अलंकारांनी भराव्यात की नाही, हा वाद आजही चालतो. जागा रिकामी असती, तर वाद उरला नसता.

हे संगीत खानदेशी कानाला परके, असा एक आक्षेप येतो. वाद्य परके आहे, सवय नाही. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) लहानपणी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे घेतले आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव त्याच शहरात भरतो. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचे आवर्तन मिनिटभरही चालते. त्यात बढत धरून बसणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या रसिकाला अदाज्योचा धीर नव्याने शिकावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ख्याल उपजेचा, कॉन्चेर्तो लिहिलेला, मग तुलना कशाची? भेद खरा, पण पुरता नाही, कारण मोझार्टच्या काळी वादक लिखित सुरावटीत स्वतःची भर घालत. खरी अडचण वेगळीच आहे. येथे ठेका नाही, त्यामुळे समेची वाट पाहणारा कान फसतो. त्याने सुरावटीखालचे स्वरमेळ धरावेत. अदाज्योच्या सुरुवातीच्याच पियानोवादनात जी मेजरचा स्वरमेळ अवचित येतो. एफ शार्पला षड्ज मानले, तर तो कोमल ऋषभावर उभा आहे. तेथून षड्जाकडे परतण्याची ओढ विलंबित ऐकणाऱ्याच्या ओळखीची असते. समेची दाद येथे त्या परतण्याला द्यायची.